पुढची सीट

खुबा बदलून घरी आलेलं माणूस आधी पाणी मागतं, उशी मागतं, फारच झालं तर दोन टिपं गाळतं. ड्रायव्हरबाई गाडीतून उतरल्या, वॉकरच्या दोन्ही दांड्या घट्ट धरल्या आणि नवऱ्याला विचारलं, "सायकलीत हवा भरलीत का?"

"भरली," नवरा म्हणाला. तो चक्क खोटं बोलत होता. पण इतक्या वर्षांच्या संसारात कुठलं खोटं खपतं हे त्याला बरोबर ठाऊक होतं.

या बाईंनी जन्मात कधी बस चालवली नव्हती. त्यांचं चष्म्याचं दुकान. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा टेकवून "हं, आता वाचा" म्हणायचं, हा त्यांचा उद्योग. ड्रायव्हर हे नाव त्यांना सायकल क्लबनं दिलं. नवराबायकोची एक जोडसायकल होती, दोन सीट आणि पेडलच्या दोन जोड्या असलेली, लांबलचक. पुढच्याच्या हातात हँडल, ब्रेक, गिअर, घंटी, सगळा कारभार. मागच्यानं पेडल मारायचं आणि पुढच्याची पाठ बघत बसायचं. लग्नानंतर पहिल्यांदा सायकल बाहेर काढली तेव्हा बाई पुढच्या सीटवर बसल्या त्या बसल्याच. नवरा निमूट मागे. तेव्हापासून त्या ड्रायव्हर आणि तो कंडक्टर. दुकानाच्या अर्ध्या भागात तो शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. लोक मशीन उचलून आणायचे आणि दारातून हाक मारायचे, "कंडक्टर आहेत का?" शिलाई मशीनला कंडक्टर कशाला लागतो, हा प्रश्न कुणाला पडत नसे.

क्लबचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे टाकीची चढण. वस्तीबाहेरच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिथवर वळणं घेत जाणारा उभा रस्ता. आधी कोण पोचलं याची तिथे कुणी दखल घेत नाही. नियम एकच: खालून निघाल्यावर वर पोचेपर्यंत पाय जमिनीला लागता कामा नये. ज्याचा लागला नाही त्यानं टाकीच्या भिंतीवर खडूनं आपलं नाव लिहायचं. वर्षभराच्या ऊनपावसात ते पुसून जातं, मग पुढच्या वर्षी पुन्हा कमवायचं. ड्रायव्हर-कंडक्टर ही जोडी त्या भिंतीवर एकही वर्ष चुकली नव्हती. गेल्या वर्षीसुद्धा नाही. तेव्हा बाईंचा डावा खुबा असा ठणकायचा की कूस बदलताना जीव जायचा, आणि त्या "गारठ्यानं होतं असं" म्हणून तेल चोळायच्या.

शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "सांधा पार झिजलाय. तुम्ही इथवर चालत आलात तरी कशा?"

"चालत कुठे? सायकलवर आले," बाई म्हणाल्या.

डॉक्टर भले होते, हसले. म्हणाले, नवा सांधा बसवला की चालाल, जिना चढाल, सपाट रस्त्यावर सायकलही चालवाल. चढणीचं काय ते नंतर बघू. बाकी सगळं बाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं, पण हे "बघू" त्यांच्या कानात जाऊन बसलं. बघू म्हणजे काय? बघालच, असं त्यांनी त्याच क्षणी मनात म्हणून टाकलं. पुढच्या टाकीच्या दिवशी पुढच्याच सीटवर बसून वर जायचं आणि भिंतीवर नाव लिहायचं, यापलीकडे त्यांना त्या नव्या खुब्याकडून काही नको होतं.

घर दुकानाच्या वर. जिना चढायची परवानगी मिळेपर्यंत खाट दुकानामागच्या खोलीत टाकली. उशाशी काच घासायचं यंत्र, पायाशी भिंतीला टेकवलेली जोडसायकल. नियमांना तोटा नव्हता. खाली वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन पायांत उशी ठेवायची. मोजासुद्धा स्वतःचा स्वतः घालायचा नाही. तो कंडक्टर घालायचा, खाली बसून, जीभ दातांत धरून, मशीनच्या सुईत दोरा ओवावा तसा.

बाईंनी आजारपणाचीही शर्यत करून टाकली. दवाखान्यात असतानाच, तिथल्या व्हरांड्यात एक निवृत्त पोस्टमन गुडघा बदलून वॉकरवर फिरत होते. बाईंनी त्यांना आधी गाठलं, मग मागे टाकलं, आणि वळताना "या सावकाश" असंही म्हटलं. पोस्टमननी म्हणे त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावर खाट मागितली.

घरी व्यायाम करून घ्यायला फिजिओ यायची. तरुण मुलगी, बोलायला गोड आणि काम करून घ्यायला कसाई. वॉकर सुटून हातात काठी आली तेव्हा एक दिवस तिनं टेप काढली आणि बाईंच्या दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. मग पुन्हा मोजला.

"काकू, डावी मांडी केवढी वाळलीय. हे ऑपरेशनमुळे नाही हं. हा पाय दोन-तीन वर्षं काम चुकवतोय."

"माझा पाय? काम चुकवतोय?" दुकानात खोट्या काचा विकता असं कुणी म्हटलं असतं तरी बाई इतक्या उसळल्या नसत्या. "गेल्या वर्षी टाकीची चढण चढलाय हा पाय. जमिनीला न लागता."

"एकटीनं?"

"यांच्याबरोबर. पण पुढे मी."

मुलगी उठून जोडसायकलीपाशी गेली. पुढची पेडलं हातानं फिरवली. मागचीही आपोआप फिरली. मागची फिरवली, पुढची फिरली. दोन्ही जोड्या एकाच लांब चेननं बांधलेल्या.

"म्हणजे एकानं जोर लावला नाही, तरी दुसऱ्याच्या जोरावर त्याचा पाय फिरत राहतो," ती सहज म्हणाली. तिनं काही टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं.

बाईंनी मान वळवली. कंडक्टर एका शिलाई मशीनच्या पोटात डोकं घालून बसला होता. डोकं दिसत नव्हतं, कान दिसत होते, आणि ते लाल झाले होते.

"अहो, इकडे बघा."

"हा स्क्रू जरा..."

"इकडे बघा म्हणते ना."

त्यानं डोकं बाहेर काढलं. "तुझा डावा पाय दमायचा. मला पेडलमध्ये कळायचं. मग मी थोडं जास्त मारायचो. आधी अगदी थोडं. मग जरा आणखी."

"कधीपासून?"

"झाली असतील तीन वर्षं."

"तीन वर्षं! आणि तोंडातून चकार शब्द नाही?"

"बोललो असतो तर तू पुढची सीट सोडली असतीस?"

"मुळीच नाही."

"मग?"

या "मग"नं बाईंचा राग दुप्पट झाला. तीन वर्षं त्यांनी भिंतीवर नाव लिहिलं होतं, शेजारी उभं राहून फोटो काढले होते, नव्या पोरांना "चढण पायानं नाही, मनानं चढायची असते" असली भाषणं दिली होती. आणि मन नव्हे, पायही नव्हे, नवरा चढत होता! बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते दुःख खुब्याच्या दुखण्याहून खोल होतं, आणि त्याला तेल चोळून भागण्यासारखं नव्हतं.

त्यांनी अबोला धरला. आता अबोल्यातही अडचण अशी की मोजे नवऱ्यालाच घालावे लागायचे. बाई पाय पुढे करून भिंतीकडे बघत बसायच्या, तो खाली बसून मोजा चढवायचा, आणि दोघंही आपण या खोलीत नाहीच असं दाखवायची. त्यांची लेक फोन करायची तेव्हा बाई म्हणायच्या, "तुझ्या बाबांना सांग, चहा उकळून उकळून आटला." तो हातभर अंतरावर असायचा. लेक दूरच्या शहरातून सांगायची, "बाबा, चहा." तो उठायचा.

मग बाईंनी आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. तो धोंडा काचेचा होता. दुकानात वर्षानुवर्षांच्या नापास काचा साठल्या होत्या, चुकीच्या नंबरच्या, कडेला टवका उडालेल्या. बाईंनी त्या एका कापडी पिशवीत भरल्या आणि कंडक्टर मशीन पोचवायला बाहेर पडला की ती पिशवी डाव्या घोट्याला बांधून पाय उचलायला सुरुवात केली. फिजिओनं सांगितलेलं करायचं, वर पिशवी बांधून पुन्हा तेवढंच करायचं. चुकवलेलं काम या पायाकडून व्याजासकट वसूल करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. काही दिवस छान गेले. मग एका सकाळी पाय सुजून टम्म, खुब्यात आग, आणि खाटेवरून उठवेना. काठी कोपऱ्यात गेली आणि वॉकर परत आला.

डॉक्टरांनी तपासलं, सांधा जागेवर होता, स्नायू मात्र चिडले होते. फिजिओला खाटेखाली पिशवी सापडली. तिनं ती हातात तोलून बघितली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, बाकीच्यांच्या मला व्यायाम करा म्हणून हातापाया पडावं लागतं. तुमच्या थांबा म्हणून पडते. तुम्हाला जिंकायचंच असतं ना? मग आता आराम करण्यात जिंकून दाखवा."

ती गेल्यावर बाई रडल्या. इतके दिवस त्या कळा येऊनही रडल्या नव्हत्या. कंडक्टर आला, खाटेच्या कडेला बसला, पिशवीतली एकेक काच काढून फडक्यानं पुसून खोक्यात ठेवू लागला.

"मला वाटलं होतं, मी तुला मदत करतोय," तो शेवटी म्हणाला. "तू ओढत राहिलीस आणि मी ढकलत राहिलो, म्हणून तो सांधा इतका झिजला. आधी बोललो असतो तर आधीच डॉक्टरांना दाखवलं असतं. माझं चुकलं ते तिथे."

"चढणीवर ढकललंत ते नाही चुकलं?"

"ते पुन्हा करीन."

बाईंनी डोळे पुसले. "करणार नाही. या वेळी माझ्या वाटणीचं एक पेडलसुद्धा तुम्ही मारायचं नाही. शपथ घ्या."

"घेतो. पण ती पोरगी सांगेल तेवढंच करायचं. तूही घे."

बाईंनी घेतली, आणि लिहून ठेवावं असं आश्चर्य म्हणजे पाळलीही. आराम सांगितला तेव्हा अशा ईर्षेनं आराम केला की फिजिओला हसू आवरेना. मग काठी परत आली. मग जिना: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मग एका पायावर उभं राहायचं आणि कंबर एका बाजूला कलते का ते आरशात बघायचं. सुरुवातीला ती इतकी कलायची की बाई आरशाला शिव्या द्यायच्या. मग कमी कलायला लागली. आणि ज्या दिवशी बाई डाव्या पायावर उभ्या राहिल्या आणि कंबर सरळ राहिली, त्या दिवशी त्यांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते करून दाखवलं, कुणी विचारलं नसताना.

सायकलची परवानगी मिळाली ती मागच्या सीटची. तिथला दांडा खाली असतो, पाय फार उंच टाकावा लागत नाही, आणि थांबताना पाय टेकायची जबाबदारी पुढच्याची. म्हणजे कंडक्टर पुढे. त्या दृश्यासाठी शेजारपाजार दारात आला होता. तो हँडल असं धरायचा की जणू ते सुटून पळून जाणार आहे. कुत्रं दिसलं की ब्रेक. पान उडालं की ब्रेक. बाई मागून सूचना देऊन देऊन थकल्या आणि शेवटी गप्प बसल्या. समोर नवऱ्याची पाठ, सदऱ्याची उसवलेली शिवण, आणि पायाखाली त्याचे पाय.

होय, पायाखाली त्याचे पाय. गप्प बसल्यावर बाईंना ते कळलं. मागे बसलं की रस्ता दिसत नाही, पण पेडलमधून पुढच्याचं सगळं कळतं. त्याचा उजवा पाय वर येताना किंचित अडखळतो हे इतक्या वर्षांत त्यांना माहीत नव्हतं. वळण आलं की तो श्वास धरतो, तेही कळत होतं. पुढे असताना त्यांचं लक्ष खड्ड्यांवर, गाड्यांवर, गिअरवर. आणि मागे हा माणूस वर्षानुवर्षं त्यांच्या पायांवर लक्ष ठेवून होता. त्यांचा खुबा दुखतोय हे त्यांच्याआधी त्याला कळलं होतं. बाईंचा राग तिथेच, त्या सपाट रस्त्यावर, निम्मा विरघळला. उरलेला निम्मा त्यांनी टाकीसाठी राखून ठेवला.

"आत्ता जास्त मारलंत," त्या एकदम म्हणाल्या.

"नाही गं."

"मारलंत. आता मलाही कळतं."

त्यानंतर त्याला चोरी करता येईना.

टाकीच्या दिवशी सकाळी फिजिओ स्वतः आली, म्हणाली गंमत बघायला आलेय, पण बाईंच्या पायावरून तिची नजर हलत नव्हती. पुढच्या सीटवर बसायची परवानगी तिनंच दिली होती, डॉक्टरांशी बोलून, मधले काही महिने सगळं नीट पार पडल्यावर. बाईंनी सायकल आडवी कलवली, पाय पलीकडे टाकला, हँडल हातात घेतलं. क्लबच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी घंटी वाजवली. "कंडक्टर, बसलात का?"

"बसलो."

पहिल्या वळणापर्यंत सोपं होतं. दुसऱ्याला श्वास लागला. तिसऱ्यावर दोन तरुण पोरं पाय टेकून उभी होती, लाजून बाजूला बघत होती. बाईंचा डावा पाय काम करत होता. जड होता, थरथरत होता, पण आपलं आपण खाली दाबत होता, आणि मागून जेवढा यायला हवा तेवढाच जोर येत होता. कंडक्टर शपथ पाळत होता. आणि तरीही बाईंच्या मनातली शंका जाईना. शपथ पाळतोय असं वाटणं निराळं आणि माहीत असणं निराळं. तीन वर्षं त्यांना असंच वाटत होतं की आपणच चढतोय.

शेवटचं वळण गेलं की टाकीपर्यंत सरळ रस्ता आहे, चढ थोडा कमी. ऊन पाठीमागून येतं आणि सायकलची सावली पुढे रस्त्यावर पडते. बाईंनी त्या सावलीकडे पाहिलं.

"अहो, पाय काढा."

"काय?"

"पेडलवरून पाय काढा. दोन्ही. बाजूला धरा, मला दिसू देत."

"वेड लागलंय का? पडू आपण."

"काढा म्हणते ना!"

रस्त्यावरच्या सावलीला दोन्ही बाजूंना पाय फुटले, कॅरिअरवर बसलेल्या लहान मुलासारखे. आणि त्याच क्षणी सायकल जड झाली. अशी जड, की कुणीतरी मागून धरून ठेवलीय असं वाटावं. हँडल डोललं. बाईंनी गिअर खाली आणला, ओठ आवळले आणि डावा पाय दाबला. तो थरथरला. खाली गेला. उजवा. पुन्हा डावा. वेग इतका मंदावला की पायी चालणारा पुढे गेला असता. बाजूला उभे असलेले लोक ओरडत होते, काय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. मागे कंडक्टर दोन्ही पाय हवेत धरून आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम करत होता, म्हणजे काहीही करत नव्हता. एकदा पाय पेडलकडे गेले, सावलीत दिसलं. "खबरदार!" बाई ओरडल्या. पाय पुन्हा बाहेर.

टाकीची भिंत आली. बाईंनी चाक भिंतीला टेकवलं आणि मगच पाय खाली ठेवला. डावा ठेवला, मुद्दाम.

बराच वेळ नुसतं धापा टाकणं. मग त्या मागे वळल्या. "किती जड आहात हो तुम्ही!"

"कळलं ना आता?" कंडक्टर म्हणाला.

बाई आधी हसल्या, मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि या वेळी त्यांनी ते लपवले नाहीत. मागे क्लबमध्ये वाद जुंपला होता. कंडक्टरचे पाय पेडलवर नव्हते, तो चढला असं कसं धरायचं? जमिनीला तर लागले नाहीत ना, मग? बाईंनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी खडू घेतला आणि भिंतीवर लिहिलं, "कंडक्टर." त्याच्या खाली पुन्हा, "कंडक्टर." त्याच्याही खाली पुन्हा. उन्हानं बाईंना घेरी आली की काय, असं कुणीतरी पुटपुटलं.

"हे काय लिहितेस?" तो म्हणाला.

"मागची तीन वर्षं," बाई म्हणाल्या. आणि त्या तिन्हींच्या खाली, सगळ्यांत मोठ्या अक्षरात, त्यांनी या वर्षीचं नाव लिहिलं: ड्रायव्हर.

हात झटकून त्या सायकलीपाशी आल्या तेव्हा नवरा हँडल धरून उभा होता. "दमली असशील. उतारावर मी बसू का पुढे?"

"मागे बसा," बाई म्हणाल्या.